रविवारचा कागद

फादरांनी पाठवलेल्या पहिल्याच कागदावर एक वाक्य होतं, 'मरीया अवसराने डोंगराळ मुलखाकडे निघाली.' मी ते दोनदा वाचलं आणि घरात एकटीच मोठ्यानं हसले. कन्नडमध्ये अवसर म्हणजे घाई. मराठीत अवसर म्हणजे संधी. आणि खानापूरपासून गोव्यापर्यंतच्या आमच्या खेड्यांत कुणाच्या अंगात देव आला, की त्याला 'अवसर आला' असं म्हणतात! आपली नातेवाईक अलीशिबा उतारवयात गरोदर आहे असं कळल्यावर तिच्याकडे निघालेली मरीया फादरांच्या प्रवचनात चक्क घुमत घुमत डोंगर चढणार होती. मी 'अवसराने' खोडलं, वर 'लगबगीनं' लिहिलं आणि कागदाचा फोटो काढून परत पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'सरी टीचर. वाचवलंत!'

ही गोष्ट डिसेंबर २०२४ मधली. त्या आठवड्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी फादरांचा कागद मोबाईलवर यायचा, हे ठरूनच गेलं.

आधी ओळख सांगते. मी निवृत्त शिक्षिका. बेळगावात तीस वर्षं मराठी शिकवलं, गरज पडली तेव्हा कन्नडही शिकवलं. माहेर खानापूर तालुक्यातलं. वडील माळकरी. घरात हरिपाठ, एकादशी, पंढरीची वारी. चर्चशी संबंध एवढाच, की लहानपणी बाबांबरोबर बेळगावला आले की कॅम्पातली चर्चं बाहेरून बघायची. फादर धारवाडकडचे, मातृभाषा कन्नड. आमच्या भागातल्या एका लहान चर्चमध्ये त्यांची नेमणूक झाली. तिथं रविवारी सकाळी एक मिस्सा मराठीत आणि नंतर एक कन्नडमध्ये. कन्नडची काळजी नव्हती, पण मराठीत प्रवचन करताना त्यांची त्रेधा उडायची. त्यांच्या सभासदांतली एक बाई माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं त्यांना माझ्या दारात आणून उभं केलं.

मी म्हटलं, "फादर, मी माळकऱ्याची मुलगी. तुमच्या धर्मातलं मला काय कळणार?"

ते म्हणाले, "धर्माचं मी बघतो टीचर. मला काना-मात्रेची मदत हवी."

उतारा आपण निवडायचा नाही

पहिले काही आठवडे मी फक्त काना-मात्राच बघत होते. मग कुतूहल वाटायला लागलं. दर आठवड्याचा उतारा कोण ठरवतं? मला वाटायचं, फादर स्वतःच्या मनानं निवडत असतील. आपल्याकडे कीर्तनकार अभंग निवडतात, तसं. विचारल्यावर फादर हसले. "तो अधिकार मला नाही. रविवारचं वाचन आधीच ठरलेलं असतं. मला आवडो न आवडो, त्यावरच बोलायचं."

त्यांनी मला ती सगळी रचना समजावून सांगितली. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली. त्यानंतर कॅथलिक चर्चमध्ये दोन मोठे बदल झाले. लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा होऊ लागली आणि १९६९ मध्ये रविवारच्या वाचनांचा नवा क्रम आला. हा क्रम तीन वर्षांचा आहे. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक यांचं शुभवर्तमान मुख्यतः वाचायचं. योहानाचं शुभवर्तमान सणांच्या दिवसांत आणि मधूनमधून येतं. तीन वर्षं संपली की पुन्हा मत्तय. १९९२ साली प्रोटेस्टंट पंथांसाठीही असाच एक त्रैवार्षिक क्रम तयार झाला. त्यामुळे बऱ्याच रविवारी जगभरच्या निरनिराळ्या पंथांच्या चर्चमध्ये एकच गोष्ट वाचली जाते. काही चर्चमध्ये मात्र पाळक अजूनही आपला उतारा आपणच निवडतात.

मला लगेच पारायण आठवलं. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलं, की आवडता अध्याय आधी आणि अवघड अध्याय नंतर, असं चालत नाही. ओवीमागून ओवी जायचं. न आवडणारी ओवीसुद्धा आपली वाट बघत बसलेली असते.

हे वर्षही एक जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो, तो त्यांचा पाडवा. मग नाताळ. पुढं राखेचा बुधवार आला की उपवासकाळ. त्या दिवशी कपाळाला लावायची राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून करतात. उपवासकाळानंतर ईस्टर, त्यानंतर पन्नास दिवसांचा आनंदाचा काळ आणि शेवटी पेंटेकॉस्ट. उरलेले तेहेतीस-चौतीस आठवडे सामान्यकाळ. आगमनकाळात आणि उपवासकाळात फादरांचा झगा जांभळा, सणाला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल आणि सामान्यकाळात हिरवा. झग्याच्या रंगावरून कुठला काळ चालू आहे ते मलाही ओळखता येऊ लागलं.

ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते, याचं उत्तर तर आपल्या घरातल्या पंचांगाजवळच सापडलं. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२५ साली हनुमान जयंती १२ एप्रिलला होती आणि ईस्टर २० एप्रिलला. चंद्राकडे बघून सण ठरवणारे आपण एकटेच नाही, हे कळल्यावर उगीच शेजार वाढल्यासारखं वाटलं.

मराठीत ही कथा सांगण्याची परंपराही आपल्याच परिसरातली. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. रविवारी आणि सणावारी ते चर्चमध्ये वाचलं-गायलं जात असे. अलीकडचं उदाहरण वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. त्यांचं 'सुबोध बायबल' मी वाचनालयातून आणलं ते फादरांचे कागद तपासण्यासाठी, पण नंतर स्वतःसाठी ठेवून घेतलं आणि दोनदा मुदत वाढवली.

आस्ती आणि अस्थी

मार्च २०२५ च्या शेवटच्या गुरुवारी आलेल्या कागदापासून काना-मात्रेचं काम काना-मात्रेपुरतं राहिलं नाही.

येणारा रविवार ३० मार्चचा, उपवासकाळातला चौथा. या एका रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालण्याची मुभा असते, कारण निम्मा उपवास सरलेला असतो. वर्ष लूकचं होतं आणि लूकच्या वर्षात या रविवारी उधळ्या पुत्राचा दृष्टांत येतो. एका माणसाचे दोन मुलगे. धाकटा वाटणी मागतो, परमुलखात जाऊन सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर शुद्धीवर येतो आणि घराकडे परततो. बाप त्याला लांबून बघतो, धावत जाऊन मिठी मारतो आणि मेजवानी घालतो. थोरला शेतातून येतो, वाजंत्रीचा आवाज ऐकतो आणि रागानं बाहेरच उभा राहतो.

फादरांनी लिहिलं होतं, 'बाप जिवंत असतानाच धाकट्याने आपल्या वाट्याची आस्ती मागितली.'

बेळगावकरांना सांगायला नको, कन्नडमध्ये आस्ती म्हणजे मालमत्ता. मी सवयीनं शब्दाला गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'फादर, मालमत्ता लिहा. मराठी माणसाला हे अस्थी ऐकू येईल. म्हणजे हाडं.'

लिहिलं आणि पेन हातातच राहिलं.

आमच्या बाबांच्या अस्थी घेऊन आम्ही दोघं भावंडं एकाच गाडीतून गेलो होतो. धाकटा भाऊ कलश मांडीवर घेऊन बसला होता आणि मी त्याच्या खांद्याला धरलं होतं. ते २०१४ साल. पुढं २०१८ मध्ये माझ्या यजमानांचं आजारपण निघालं. पैशाची ओढाताण सुरू झाली. गावाकडच्या घराचा आणि शेताचा विषय मी काढला. भाऊ म्हणाला, "अक्का, औषधाला लागतील तेवढे पैसे माग. हिस्सा कसला मागतेस?" मला ते लागलं. मला मदत नको होती, हिस्सा हवा होता. २००५ च्या कायद्यानं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे मी वर्गात मुलींना सांगत आले होते. त्याला ते लागलं, कारण आईबाबांची म्हातारपणं त्यानं आणि वहिनीनं काढली होती. मी सणासुदीला जाऊन लाडवांचा डबा देऊन येणारी. वकिलामार्फत नोटीस गेली. दावा उभा राहिला. २०२० मध्ये यजमान गेले. भाऊ दहाव्याला आला, मागं उभा राहिला, न बोलता गेला. त्यानंतर आमची भेट व्हायची ती तारखेच्या दिवशी, वकिलांच्या गर्दीत.

त्या रविवारी मी पहिल्यांदाच चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. फादरांनी माझी दुरुस्ती वापरली नाही. ते भरल्या चर्चमध्ये म्हणाले, "मी कन्नडात आस्ती लिहिलं, माझ्या टीचरनी सांगितलं मराठीत ते अस्थी ऐकू येईल. मी विचार केला, दोन्ही बरोबर आहे. जिवंत बापाकडे वाटणी मागणं म्हणजे त्याच्या अस्थी मागण्यासारखंच." लोक हसले, मग गप्प झाले. मी मान खाली घातली.

पुढचं मात्र मला अपेक्षित नव्हतं. फादर म्हणाले, या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर पडतो, ते आपण विसरतो. एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी. थोरला सगळी वर्षं राबलेला आहे, त्याचा राग खोटा नाही. बाप त्याला आत ये म्हणून हुकूम सोडत नाही. तो बाहेर जातो आणि त्याची समजूत काढतो. थोरला आत गेला की नाही, हे लूकनं लिहिलेलं नाही. गोष्ट दारातच थांबते.

इतकी वर्षं मी स्वतःला अन्याय झालेली समजत होते. ते खोटं नव्हतंच. पण शेतात राबून दमलेला, दाराबाहेर उभा असलेला तो दुसरा माणूस कोण, हे मला त्या बाकावर बसल्यावर दिसलं. वयानं धाकटा असला तरी आमच्या घरातला 'थोरला' माझा भाऊच होता. आणि त्याच्यासाठी बाहेर जायला आता बाबा नव्हते.

कळलं, तरी मी काही केलं नाही. घरी आले, आमटी गरम केली आणि जेवले. माणूस लगेच बदलत नाही.

आठ मिनिटांचं प्रवचन

प्रवचन कसं उभं राहतं, ते त्या वर्षात जवळून बघायला मिळालं. मिस्सेत आधी जुन्या करारातलं वाचन, मग स्तोत्र, मग पत्रांतला उतारा, शेवटी सगळे उभे राहून शुभवर्तमान ऐकतात. त्यानंतर प्रवचन. फादरांचं प्रवचन आठ-दहा मिनिटांचं. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये धर्मगुरूंना सांगितलं होतं, की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, नाहीतर लोक झोपतात. हे फादर मला हसत सांगायचे. तेच पोप २१ एप्रिल २०२५ ला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी वारले, तेव्हा फादरांचा कागद दोन दिवस उशिरा आला. तो थोमाच्या गोष्टीवरचा होता. येशू पुन्हा उठला यावर थोमाचा विश्वास बसत नव्हता. फादरांनी लिहिलं होतं, 'थोमाला अनुमान आला.' कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. मी दुरुस्त केलं, पण मजकुरावरून कळत होतं, की त्या दिवशी त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

लिहिण्याआधी फादर स्वतःला तीन प्रश्न विचारत. ही गोष्ट मुळात कुणाला सांगितली? ऐकणाऱ्याला काय बोचलं असेल? आज आपल्या गल्लीत ते कुठं बोचेल? आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. इथं क्रम उलटा वाटला. आख्यान आधी वाचून होतं, निरूपण नंतर.

१३ जुलैच्या रविवारी चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट होती. लुटारूंनी मारहाण करून अर्धमेल्या अवस्थेत टाकलेल्या एका वाटसरूला याजक बघतो आणि पुढं जातो, लेवी बघतो आणि पुढं जातो. थांबतो तो शोमरोनी. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, म्हणून ही गोष्ट ऐकणाऱ्यांना बोचली असणार. फादरांनी विचारलं, "टीचर, आपल्या बेळगावात शोमरोनी कोण?"

मी गप्प बसले. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी उदाहरण घेतलं ते रस्त्यावरच्या अपघाताचं. रात्रीची वेळ, मोटारसायकल घसरलेली, माणूस पडलेला. त्याच्याच भाषेचे दोघं गाडी हळू करून बघतात आणि निघून जातात. तिसरा थांबतो. मराठी मिस्सेत तो तिसरा माणूस कन्नड बोलणारा होता. तासाभरानं कन्नड मिस्सेत तोच माणूस मराठी बोलणारा झाला. बाकी एक शब्द बदलला नाही. दोन्ही भाषा येणारी काही घरं गंमत म्हणून दोन्ही मिस्सांना बसली. बाहेर आल्यावर त्यांच्यात जी चर्चा रंगली, तीत प्रवचनाचं सार माझ्यापेक्षा जास्त नेमकं निघालं. एक आजी म्हणाल्या, "पडलेल्याला भाषा विचारायला सवड कुठं असते?"

माझं आणि फादरांचं भांडण

ऑगस्टच्या पहिल्या रविवारचा, म्हणजे तीन तारखेचा कागद आला आणि मी तडक फोन लावला.

त्या रविवारचं वाचन असं आहे. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशू पंच व्हायला नकार देतो, लोभाबद्दल सावध करतो आणि एक गोष्ट सांगतो. एका सधन शेतकऱ्याला अमाप पीक येतं. जुनी कोठारं पाडून मोठी बांधू आणि मग वर्षानुवर्षं आरामात खाऊ-पिऊ, असा बेत तो करतो. त्याच रात्री त्याचा प्राण जाणार असतो.

फादरांनी लिहिलं होतं, 'वाटणीसाठी भांडणारी भावंडे ही लोभाचे उदाहरण आहेत.'

"फादर, हे वाक्य मी दुरुस्त करणार नाही," मी म्हटलं. "व्याकरण बरोबर आहे, बाकी सगळं चूक आहे. हिस्सा मागणं म्हणजे लोभ, हे आमच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवलं गेलंय. चोळीबांगडी घ्या आणि सही करा. जी सही करत नाही ती लोभी. देवळात, चर्चमध्ये पण हेच सांगणार असाल, तर वेगळा कायदा तरी कशाला केला?"

पलीकडं बराच वेळ शांतता. मग फादर म्हणाले, "टीचर, हे तुमचंच चाललंय का?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

शनिवारी रात्री नवा कागद आला. ते वाक्य गेलं होतं. त्याजागी होतं, 'त्या माणसाचा हक्क खोटा होता, असे येशू कुठेही म्हणत नाही. लोभ मागणाऱ्याच्या मनात असू शकतो आणि न देणाऱ्याच्याही. त्याची खूण गोष्टीतच आहे. हा शेतकरी पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त स्वतःशीच बोलतो. बायको नाही, गडी नाही, शेजारी नाही. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल. ज्याला बोलायला दुसरे कोणी उरले नाही, त्याने सावध व्हावे.'

मी लूकचा तो उतारा काढून पुन्हा बघितला. खरंच, तो शेतकरी दुसऱ्या कुणाशी अवाक्षर बोलत नाही. आणि माझ्या लक्षात आलं, सात वर्षं मीही भावाशी एक वाक्य बोलले नव्हते. वकिलाशी बोलत होते, आणि रात्री स्वतःशी.

विधवा आणि न्यायाधीश

१९ ऑक्टोबरच्या रविवारी आणखी एक गोष्ट आली. एक विधवा एका बेपर्वा न्यायाधीशाच्या मागं लागते, मला न्याय द्या म्हणून. तो देवाला भीत नाही, माणसांची पर्वा करत नाही. पण ही काही पाठ सोडत नाही, म्हणून शेवटी कंटाळून तो तिचा न्याय करतो. प्रार्थना करताना धीर सोडू नये, यासाठी ही गोष्ट सांगितली आहे. मला मात्र ती स्वतःचीच वाटली. मी फादरांना लिहिलं, 'बघा! बाईनं हक्क सोडू नये, असंच आहे ना हे?'

उत्तर आलं, 'हौदु टीचर, सोडू नये. पण ती सारखी जात होती न्यायाधीशाकडे. ज्याच्याशी भांडण होतं त्याच्याकडे ती एकदा तरी गेली का, ते लूकनं लिहिलेलं नाही.'

दिवाळी आलीच होती. २३ तारखेला भाऊबीज. सकाळी सातच्या बसनं मी खानापूरला गेले आणि तिथून गावाला. हातात ताट, निरांजन आणि अर्धा किलो कुंदा. दाव्याचे कागद मुद्दाम घरी ठेवले होते.

दारात वहिनी. ती क्षणभर बघत राहिली. "या," म्हणाली. "हे शेतात आहेत. भात कापणीला आलंय, बघायला गेलेत. बोलावून आणायला कुणाला तरी पाठवते."

मी म्हटलं, "नको. मीच जाते."

बांधावरून चालत गेले. दोन दिवस पाऊस झालेला, सगळीकडं चिखल. तो पाठमोरा उभा होता. केस किती पांढरे झाले होते! चाहूल लागली तसा वळला. मी काय बोलायचं ते बसमध्ये घोकत आले होते, त्यातलं एकही वाक्य आठवेना. तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "अक्का, चप्पल काढ. घसरशील."

एवढंच. मी चप्पल काढली. तो पुढं, मी मागं, असे घरी आलो. मी ओवाळलं. त्यानं ताटात पाचशेची नोट घातली आणि माझ्याकडे न बघता कुंद्याचा डबा उघडला. दाव्याबद्दल कुणी बोललं नाही. वहिनीनं लसणाची चटणी बांधून दिली. संध्याकाळी त्यानं मोटारसायकलवरून मला बसस्टँडवर सोडलं. बस लागली तेव्हा विचारलं, "पुढच्या तारखेला येणार ना?"

"येणार," मी म्हटलं.

"मग कोर्टात जायच्या आधी जेवून जाऊ. दोघं."

गुरुवारचा कागद

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मन फुलून आलं होतं. खोटं कशाला सांगू, जरा अभिमानही वाटत होता. शेवटी मीच गेले. त्याला कुठं जमलं? मोठेपणा दाखवला तो मीच. गावात, नात्यात असं कोण करतं हल्ली? अशी माझी मनातल्या मनात आरती चालली होती, तेवढ्यात मोबाईल वाजला. गुरुवार होता. फादरांचा कागद.

२६ ऑक्टोबर, रविवार. परूशी आणि जकातदार. दोघं मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी ताठ उभा राहून देवाला आपले उपवास आणि दानधर्म ऐकवतो आणि मी या जकातदारासारखा नाही, म्हणून आभार मानतो. जकातदार लांब उभा राहतो, वर बघायचंही त्याला धाडस होत नाही, फक्त दया मागतो. घरी जाताना नीतिमान ठरतो तो जकातदार.

मी एकटीच हसायला लागले. शेजारची बाई बघत राहिली. त्या कागदात मला एकही चूक सापडली नाही.

आमचा दावा अजून मिटलेला नाही. मी हिस्सा सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण पुढच्या तारखेला आम्ही आधी एका खानावळीत बसून जेवलो आणि मग कोर्टात जाऊन समोरासमोरच्या बाजूंना उभे राहिलो. वकिलांना ते फारसं आवडलं नाही.

मी माळकऱ्याची मुलगी आहे आणि राहणार. एकादशी चुकत नाही. पण आपण न निवडलेला उतारा दर आठवड्याला समोर यावा, यात काहीतरी शहाणपण आहे. स्वतः निवडायचं म्हटलं, तर त्या वर्षात मी फक्त विधवेची गोष्ट निवडली असती.

३० नोव्हेंबर २०२५ ला लूकचं वर्ष संपून मत्तयचं सुरू झालं. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जागं राहण्याबद्दलचं वाचन असतं. कुठली घटका कधी येईल ते सांगता येत नाही, तयार असा. फादरांच्या कागदाचं शेवटचं वाक्य होतं, 'ज्यांच्याशी बोलायचे राहिले आहे, त्यांच्याशी बोलून घ्या. अजून अवसर आहे.'

या वेळी तो शब्द मी खोडला नाही.